उमेदवार डावा की उजवा? शिक्का मारण्याआधी करायची तपासणी

‘हा पक्का डावा’, ‘त्या उजवीकडे झुकलेल्या’, ‘तो मधला, कुणालाच न दुखावणारा’. प्रचार सुरू झाला की असे शिक्के धडाधड बसू लागतात. शिक्का मारणाऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा पक्षाचं नाव तरी पुढे केलं जातं किंवा एखाद्या भाषणातलं वाक्य. हा लेख त्या ‘कशावरून’साठी आहे. राजकारण आजवर मथळ्यांपुरतं पाहिलं आणि आता एखादा उमेदवार स्वतः तपासून बघावासा वाटतोय, अशांनी एक कोरा कागद घेऊन बसावं. माझा आग्रह एकच: आधी मुद्दे, मग पुरावे, मग कारणं, आणि शिक्का सगळ्यांत शेवटी.

पहिली पायरी: कागदावर देश आणि साल लिहा

डावं-उजवं ही भाषा फ्रान्समधली, 1789 सालची. राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नसावा यावर वाद पेटला, तेव्हा राजाच्या बाजूचे सदस्य अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि विरोधातले डाव्या हाताला. म्हणजे सुरुवातीचा प्रश्न राजसत्तेचा होता. कर, कामगार, बाजारपेठ हे विषय या पट्टीवर नंतर चढले. त्याच फ्रान्समध्ये 1848 नंतरच्या सभागृहात मुक्त व्यापाराचे कट्टर पुरस्कर्ते फ्रेदेरिक बास्तिया डाव्या बाजूला बसत. आज त्यांचे आर्थिक विचार मांडणाऱ्या उमेदवाराला कुणी डावा म्हणणार नाही.

जागेनेही तेवढाच फरक पडतो. ब्रिटनमध्ये 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा आहे आणि हुजूर पक्षाचे नेतेसुद्धा ती मोडीत काढू असं म्हणून मतं मागत नाहीत. अमेरिकेत मात्र सगळ्या नागरिकांसाठी एकच सरकारी आरोग्यविमा हवा असं म्हणणारा उमेदवार डाव्या टोकाकडचा गणला जातो. मागणी जवळपास तीच, जागा मात्र वेगळी. म्हणून कागदाच्या डोक्यावर कोणता देश, कोणती निवडणूक आणि कोणतं साल हे लिहून ठेवा. एका देशातला उमेदवार दुसऱ्या देशाच्या मापाने मोजला की निष्कर्ष चुकणारच.

पक्षाच्या नावावरून तर काहीच ठरवू नका. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष आणि पोर्तुगालचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, दोन्ही आपापल्या देशात मध्यापासून उजवीकडे आहेत.

दुसरी पायरी: एकाऐवजी दोन रेघा आखा

एक आडवी रेघ आर्थिक प्रश्नांची. कर कुणावर आणि किती, सरकारने काय स्वतः चालवायचं आणि काय खासगी हातात द्यायचं, कामगारांना संरक्षण किती, अनुदानं कुणाला. डावीकडे सरकारचा आणि पुनर्वाटपाचा वाटा मोठा, उजवीकडे बाजाराचा.

दुसरी उभी रेघ समाज आणि सत्तेची. व्यक्तीने कसं जगावं यात राज्यसंस्थेने किती लक्ष घालायचं, परंपरेला किती वजन द्यायचं, पोलिसांना अधिकार किती, बाहेरून येणाऱ्यांना दार किती उघडं. अमेरिकेत डेव्हिड नोलन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थिक आणि वैयक्तिक स्वातंत्र्य अशा दोन अक्षांचा तक्ता लोकप्रिय केला. युरोपचे अभ्यासक 2002 पासून एक वेगळा अक्ष वापरतात: एका टोकाला पर्यावरणवादी, मोकळ्या विचारांचे पक्ष, दुसऱ्या टोकाला परंपरा, शिस्त आणि राष्ट्र यांना प्राधान्य देणारे.

दोन रेघांची गरज का पडते हे ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याकडे पाहून कळतं. आर्थिक बाबतीत त्या उजव्या, यात वाद नाही. पण 1960 च्या दशकात खासदार असताना त्यांनी पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरू नयेत या बाजूने मत दिलं, गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणाऱ्या विधेयकालाही पाठिंबा दिला, आणि फाशीची शिक्षा मात्र राहावी अशीच भूमिका घेतली. एका रेघेवर त्यांचा ठिपका कुठे काढणार? उलटं उदाहरण डेन्मार्कचं. मेटे फ्रेडरिक्सन यांच्या नेतृत्वाखाली तिथले सोशल डेमोक्रॅट 2019 मध्ये सत्तेवर आले ते कल्याणकारी राज्य टिकवण्याचं आश्वासन आणि स्थलांतराबाबत कडक धोरण, ही दोन्ही एकत्र घेऊन.

काही देशांत या दोन रेघाही नीट लागू पडत नाहीत. भारतात जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष कल्याणकारी योजनांची आश्वासनं देतो, त्यामुळे आर्थिक रेघेवर सगळे एका घोळक्यात उभे दिसतात. राज्यशास्त्राचे अभ्यासक प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी भारतासाठी वेगळे प्रश्न सुचवले: समाजाच्या रूढी-व्यवहारांत राज्यसंस्थेने कितपत हस्तक्षेप करावा, आणि वंचित किंवा अल्पसंख्य समूहांसाठी विशेष तरतुदी कराव्यात का. या दोन प्रश्नांवर तेच पक्ष लांब लांब सरकतात. तेव्हा रेघा आखताना आधी विचारा, या देशात लोक खरोखर कशावरून भांडतात? मापनपट्टी भांडणातून निघायला हवी.

रेघा ठरल्या की पाच-सहा मुद्दे निवडा. इथे नवखे लोक एक गोष्ट विसरतात: उमेदवार ज्या पदासाठी उभा आहे, त्या पदाच्या हातात काय आहे ते बघायचं असतं. शहराच्या महापौरपदाच्या उमेदवाराचं परराष्ट्र धोरणाबद्दलचं मत टाळ्या मिळवायला ठीक, पण त्याला पाणीपट्टी, जमिनीचा वापर, भाडेकरूंचे हक्क आणि कंत्राटी सफाई कामगार यांबद्दल काय वाटतं ते कागदावर हवं.

तिसरी पायरी: पुरावे गोळा करा आणि प्रत्येकाची किंमत लावा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पुरावा तोलायची माझी कसोटी साधी आहे: ही भूमिका घेताना उमेदवाराला काही गमवावं लागलं का? स्वतःच्या समर्थकांच्या सभेत त्यांना आवडेल ते बोलायला काहीच पडत नाही. तेच वाक्य विरोधी गर्दीसमोर उच्चारलं तर त्याला वजन येतं. आणि स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देण्यात तर पद, तिकीट, कधी कधी सगळी कारकीर्दच पणाला लागते.

जाहीरनामा वाचा, पण तो पक्षाचा असतो हे लक्षात ठेवून. जगभरातल्या जाहीरनाम्यांचा एक मोठा संशोधन प्रकल्प जर्मनीतून चालतो; त्यात 1945 पासूनचे जाहीरनामे विधानांमध्ये तोडून प्रत्येक विधान ठरावीक 56 वर्गांपैकी एकात टाकलं जातं आणि कोणत्या विषयाला किती जागा मिळाली ते मोजलं जातं. ही पद्धत घरीही करता येते. पक्ष काय म्हणतो याच्या जोडीला तो कशावर किती ओळी खर्च करतो ते मोजा. रोजगारावर चार पानं आणि नागरी स्वातंत्र्यावर अर्धी ओळ असेल, तर ती अर्धी ओळही बोलकी असते.

जाहीरनाम्यावर किती विसंबायचं याला मर्यादा आहे. 1932 साली अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाने केंद्र सरकारचा खर्च निदान 25 टक्क्यांनी कापू असं वचन दिलं होतं. फ्रँकलिन रूझवेल्ट निवडून आले आणि महामंदीला तोंड देताना त्यांनी सरकारी खर्चाचं आणि योजनांचं असं दार उघडलं की आज त्यांचं नाव त्याच कारणासाठी घेतलं जातं. 1932 मध्ये नुसता जाहीरनामा वाचून त्यांना पट्टीवर बसवणारा पार फसला असता.

मग सभागृहातली मतं. उमेदवार आधी निवडून आलेला असेल तर त्याने कोणत्या विधेयकावर काय मत दिलं हा सगळ्यांत ठोस पुरावा वाटतो, आणि अमेरिकेत तो बऱ्याच अंशी तसा आहेही. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल यांनी 1980 च्या दशकात तिथल्या काँग्रेसमधल्या, म्हणजे संसदेतल्या, मतदानाच्या नोंदींवरून प्रत्येक सदस्याचं स्थान काढण्याची पद्धत बसवली, ती आजही वापरात आहे. पण ती पद्धत मोजते काय, तर कोण कोणाबरोबर मत देतो. एखादा सदस्य ‘हे विधेयक पुरेसं डावं नाही’ म्हणून आपल्याच डाव्या पक्षाविरुद्ध मत देत राहिला, तर आकड्यांत तो उजव्यांच्या जवळ दिसतो. म्हणून विरोधी मत दिसलं की त्या दिवशीचं भाषणही शोधा. कारण दोन्ही टोकांकडून नकार येऊ शकतो.

जिथे पक्षादेश कडक असतो तिथे मतांच्या नोंदी आणखी कमी बोलतात. भारतात 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा व्हीप मोडून मत देणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. शिवाय पुष्कळ विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, तेव्हा कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंदच राहत नाही. अशा सभागृहात खासदाराच्या मतावरून त्याचा पक्ष कळतो, तो स्वतः कळत नाही. तिथे बाजूच्या वाटा धरायच्या: त्याने विचारलेले प्रश्न, मांडलेल्या दुरुस्त्या, अशासकीय विधेयकं, समितीतली भिन्नमतपत्रिका. मुद्दाम वेळ काढून कुणी सलग तीन अधिवेशनं जमिनीच्या नोंदींबद्दलच प्रश्न विचारत असेल, तर त्याला कशाची काळजी आहे ते कळायला भाषणाची गरज नाही.

दोन प्रकारचे दिवस सोन्याचे. एक, पक्षाने सदस्यांना मोकळं सोडलेलं मतदान. ब्रिटनमध्ये 2013 साली समलिंगी विवाहाच्या विधेयकावर असं झालं. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन बाजूने होते, तरी पहिल्या मोठ्या मतदानात त्यांच्याच हुजूर खासदारांची विरोधातली मतं बाजूच्या मतांपेक्षा जास्त निघाली. एरवी एकसंध दिसणारा पक्ष त्या दिवशी माणसांमाणसांत उलगडला. आणि दुसरा, बंडाचा दिवस. जेरेमी कॉर्बिन यांनी 1997 ते 2010 या काळात स्वतःच्याच मजूर पक्षाच्या सरकारविरुद्ध 400 हून अधिक वेळा मत दिलं. पुढे 2015 मध्ये ते पक्षाचे नेते झाले तेव्हा त्यांच्या भूमिकेचा अंदाज बांधायला कुणाला ज्योतिष लागलं नाही.

एक सावधगिरी. अर्थसंकल्पावरचं मत पुरावा म्हणून धरू नका. सत्ताधारी बाजूने देतात, विरोधक विरोधात, यापलीकडे त्यातून फारसं काही मिळत नाही.

चौथी पायरी: तो तिथे का आहे?

ठिपका काढला म्हणजे अर्धं काम झालं. उमेदवार त्या जागी का उभा आहे हे कळलं तर पुढे तो कुठे सरकेल याचा अंदाज येतो, आणि मतदाराला खरा उपयोग त्याचाच.

पहिलं कारण मतदारसंघ. बर्नी सँडर्स अमेरिकेतल्या डाव्यांचे ठळक प्रतिनिधी. तरीही 1993 मध्ये बंदूक खरेदीआधी पार्श्वभूमी तपासण्याच्या ब्रॅडी विधेयकाविरुद्ध त्यांनी मत दिलं होतं. त्यांचं व्हरमाँट हे ग्रामीण राज्य, शिकारीची जुनी सवय, आणि बंदूक म्हणजे तिथे घरातली वस्तू. पुढे देशभराच्या मतदारांसमोर जायची वेळ आली तसा त्यांचा सूर या विषयावर कडक होत गेला. उमेदवाराचं एखादं मत बाकीच्या मतांशी विसंगत दिसलं, तर आधी नकाशा उघडावा.

दुसरं कारण निवडणुकीची पद्धत. दोनच मोठे पक्ष आणि सगळे मतदार एका पट्टीवर पसरलेले असतील, तर दोघेही मधल्या मतदाराकडे सरकतात, असं अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये मांडलं. पण उमेदवारी मिळवायला आधी पक्षांतर्गत निवडणूक जिंकावी लागत असेल, तर उलटा ओढा सुरू होतो, कारण तिथे मत द्यायला कट्टर कार्यकर्तेच जास्त येतात. एकच माणूस उमेदवारी मिळेपर्यंत टोकाला आणि नंतर मध्याकडे दिसतो तो यामुळे. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असलेल्या देशांत लहान पक्षाला पाच-दहा टक्के मतंही पुरतात, मग मध्याकडे धावायची गरजच उरत नाही. आपला कोपरा घट्ट धरून ठेवणं जास्त फायद्याचं.

तिसरं कारण पैसा आणि पाठबळ. जिथे देणग्या जाहीर कराव्या लागतात तिथे त्या याद्या बघाव्यात. भारतात उमेदवाराला अर्जासोबत मालमत्ता, कर्जं, शिक्षण आणि फौजदारी खटल्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यातून विचारसरणी कळत नाही, पण त्याचे हितसंबंध जमिनीत, उद्योगात की आणखी कशात गुंतलेत हे दिसतं.

आणि चौथं, डावपेच. हे ओळखायला सगळ्यांत अवघड. जर्मनीचे चॅन्सेलर बिस्मार्क यांनी 1878 मध्ये समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी आणली, आणि त्याच बिस्मार्क यांनी 1883 मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा, पुढच्या वर्षी अपघात विमा आणि 1889 मध्ये वृद्धापकाळ विमा आणला. धोरण डाव्यांना शोभणारं, हेतू कामगारांना डाव्यांपासून तोडण्याचा. अशा ठिकाणी कागदावर दोन्ही लिहावं: काय केलं आणि कशासाठी. फक्त पहिलं लिहिलं तर बिस्मार्क समाजवादी ठरतील.

मत बदललेल्या उमेदवाराबद्दल लोक लगेच ‘संधिसाधू’ म्हणून मोकळे होतात. थोडं थांबा, आणि तारखा लावा. बराक ओबामा यांनी 1996 मध्ये राज्याच्या सिनेटसाठी लढताना एका प्रश्नावलीत समलिंगी विवाहाला पाठिंबा लिहून दिला होता. 2008 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना त्यांनी विवाह स्त्री-पुरुषांमधलाच असं सांगितलं. 2012 मध्ये पुन्हा पाठिंबा. त्यांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांनी नंतर मान्य केलं की मधल्या काळातली भूमिका राजकीय गरजेची होती. मतदारसंघ लहान असताना एक मत, मोठा झाल्यावर दुसरं, आणि जनमत सरकल्यावर पहिलंच परत, असा क्रम दिसला की कोणतं मत आतलं आणि कोणतं बाहेरचं ते बऱ्यापैकी कळतं.

पाचवी पायरी: ‘मधला’ म्हणजे नेमका कसला मधला?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. कागदावर मध्यभागी ठिपका आला की तो तीन वेगळ्या कारणांनी आलेला असू शकतो. काही उमेदवार प्रत्येक मुद्द्यावर खरोखर मधली वाट धरतात. काहींच्या भूमिका एका विषयात ठाम डाव्या, दुसऱ्यात ठाम उजव्या असतात आणि सरासरी काढली की बेरीज-वजाबाकीत मध्य उरतो. आणि काहींचं तळ्यात-मळ्यात चालू असतं: मुद्दा अडचणीचा आला की ‘सर्वांशी चर्चा करून ठरवू’.

इमॅन्युएल माक्राँ ‘डावे नाही, उजवेही नाही’ अशी ओळख सांगत 2017 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. 2018 पासून त्यांच्या सरकारने जुना संपत्ती कर काढून त्याजागी फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर ठेवला. 2021 च्या कायद्याने एकट्या स्त्रियांना आणि समलिंगी स्त्री-जोडप्यांना कृत्रिम गर्भधारणेचा लाभ खुला केला. पहिला निर्णय उजवीकडचा, दुसरा डावीकडचा. यांना नुसतं ‘मध्यममार्गी’ लिहिणं म्हणजे हाती आलेली माहिती पुसून टाकणं. म्हणून माझ्या कागदावर सरासरीचा रकाना नसतोच. प्रत्येक मुद्द्यासमोर वेगळा ठिपका, आणि जिथे उमेदवार गप्प आहे तिथे ‘गप्प’ असं स्पष्ट लिहिलेलं.

सहावी पायरी: स्वतःलाही त्याच कागदावर बसवा

आवडता उमेदवार असतो त्यापेक्षा आपल्या जवळ वाटतो आणि नावडता असतो त्यापेक्षा दूर. हे सगळ्यांचं होतं, विद्वानांचंही. उपाय सोपा आहे. उमेदवारांची माहिती गोळा करण्याआधी त्याच पाच-सहा मुद्द्यांवर स्वतःची मतं लिहून कागद घडी घालून ठेवा. आणि पुरावे जमल्यावर नावं झाकून एखाद्या मित्राला ठिपके काढायला सांगा. तुमच्या आणि त्याच्या ठिपक्यांत जिथे मोठं अंतर पडेल, तिथला पुरावा पुन्हा वाचायचा.

प्रश्नांची उत्तरं देऊन ‘तुमचा पक्ष कोणता’ हे सांगणारी साधनंही आहेत. नेदरलँड्समध्ये असं साधन 1989 पासून आहे, सुरुवात कागदावर झाली. जर्मनीच्या सरकारी नागरी शिक्षण संस्थेचं 2002 पासून चालतं, आणि स्वित्झर्लंडमधलं 2003 पासूनचं साधन तर पक्षांबरोबर एकेका उमेदवाराशीही तुलना करून देतं. वापरायला हरकत नाही, फक्त उत्तरं उमेदवारांनी किंवा पक्षांनी स्वतः भरलेली असतात हे विसरू नका. आणि प्रश्न कोणी निवडले ते बघा, कारण प्रश्न बदलले की जागा बदलते.

आणि पाटी कोरी असेल तर?

पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या उमेदवाराची मतांची नोंद नसते, बंड नसतं, जुनी भाषणंही नसतात. तरी कागद रिकामा ठेवायची गरज नाही. त्याने याआधी काय चालवलं ते बघा: कामगार संघटना, कारखाना, शाळा, वकिली? तिथल्या माणसांशी त्याचं वागणं आणि पगारावरून झालेले वाद, सापडले तर, फार उपयोगी. प्रचाराची टोळी कुठून आली ते पाहा. आर्थिक सल्लागार कोण आहे यावरून कराबद्दलचं धोरण पुष्कळदा आधीच कळतं. मग सभेत किंवा लेखी असा प्रश्न विचारा, ज्यात दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच मिळू शकते. ‘तुम्हाला चांगली रुग्णालयं हवीत का?’ याला सगळेच हो म्हणतात. ‘रुग्णालयांसाठी पैसा कमी पडला तर कोणता कर वाढवाल, की कोणता दुसरा खर्च कापाल?’ असं विचारलं की उत्तरात बाजू दिसते. उत्तर टाळलं तर त्या रकान्यात तारखेसह ‘गप्प’ लिहा आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारा.